घोड्याच्या मालिशीचा खर्च कोणत्या खात्यात?

इंदूर-महू परिसरातल्या घोडेस्वारी शाळांच्या आणि क्लबांच्या व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

आपल्या जमाखर्चाच्या वहीत दाणा, वैरण, नालबंदी, औषधपाणी, पगार अशी ठरलेली खाती असतात. ‘मालिश व फिजिओथेरपी’ त्यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून ती ‘इतर’मध्ये जाते, आणि मार्च आला की पहिली काट ‘इतर’वरच पडते. एखादी समिती तिला घोड्याचे चोचले म्हणते. दुसरी उलट टोक गाठते. पाठ धरलेल्या घोड्यांसाठी चुंबकीय झूल नाहीतर लेझरचं यंत्र एका दमात विकत घेते. ते दोन महिने वापरलं जातं आणि मग दाण्याच्या कोठीत पोत्यांमागे जाऊन बसतं. दोन्ही चुकांचं मूळ एकच. घोड्याच्या अंगावर हात फिरवायचं काम कोणाचं, त्याला किती वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कोणाला मिळतात, हे कुठेच मांडलेलं नसतं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांची सोय होईल. मालिशीचा बहुतांश पैसा साइसाच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या माणसाच्या, पगारात जायला हवा, फिजिओ बोलवायचा तो तपासायला आणि शिकवायला, आणि यंत्राचा नंबर सगळ्यांत शेवटी. त्याही आधी नाल, खोगीर आणि दात.

2023 च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) सांघिक सुवर्ण मिळवलं. अश्वक्रीडेतलं सुवर्ण 1982 नंतर थेट तेव्हाच आलं, आणि त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदिप्ती हजेला होती. त्या पातळीवरच्या घोड्यामागे पशुवैद्य, नालबंद, फिजिओ अशी फौज असते, आणि ते योग्यच आहे. पण तो घोडा एका स्वाराचा असतो. शाळेचा घोडा दिवसाला तीन-चार वेगवेगळी मुलं पाठीवर घेतो; त्यातलं एक डावीकडे कलतं, एक लगामाला लोंबकळतं, एक दर पावलाला खोगिरावर आदळतं. जुन्या फौजेच्या भाषेत सांगायचं तर हा बारगिराचा, म्हणजे सरकारी घोड्यावर बसणाऱ्याचा घोडा, स्वतःचा घोडा बाळगणाऱ्या शिलेदाराचा नव्हे. बसणारे अनेक, पण त्याचं दुखणं आपलं मानणारा कोणी नाही. म्हणून स्पर्धेच्या घोड्याचं अंदाजपत्रक उचलून शाळेच्या घोड्याला लावता येत नाही, आणि ‘हा काय स्पर्धेचा घोडा आहे का’ म्हणून त्याच्या वाटचं शून्यही करता येत नाही.

घोड्याचं शरीर एवढ्याचसाठी समजून घ्या की कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे त्यावरून ठरतं. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे दोन्ही पाय धडाला सांध्याने जोडलेले नाहीत, स्नायूंच्या झोळीत धड टांगलेलं आहे, आणि उभ्या घोड्याच्या वजनापैकी साधारण 60 टक्के भार याच पायांवर असतो. म्हणून खांदा, छाती आणि तंगाच्या (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या) मागची जागा इतकी कडक होते. पाठीत फासळ्यांचे 18 मणके, कमरेचे 6. मणक्याच्या दोन्ही अंगांनी पुठ्ठ्यापर्यंत (शेपटीजवळच्या मागच्या भागापर्यंत) जाणारा लांब स्नायू स्वाराचं ओझं थेट झेलतो. आणि पुढच्या गुडघ्याखाली, मागच्या ढोपराखाली मालिश करावी असं मांसच नाही. तिथे शिरा म्हणून आपण ज्यांना हात लावतो त्या खरं तर कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या आहेत. तासन्‌तास नळ्या (गुडघ्या-ढोपराखालचे पाय) चोळत बसलेला साईस मेहनती असतो, पण त्याची मेहनत चुकीच्या जागी चाललेली असते.

आता खोगीर. घोड्याची पाठ लागते ती बहुतेक वेळा खोगिराने, आणि ज्या खोगिराने ती तीन तास दाबली जाते तिच्यावर वीस मिनिटं मालिश करणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं. तपासणी समितीतला कोणीही करू शकतो. घोडा सपाट जमिनीवर उभा करा, नमदा (खोगिराखालची जाड घडी) न घालता कोरं खोगीर पाठीवर ठेवा. आयाळ संपते तो उंचवटा आणि खोगिराचा पुढचा कमानीचा भाग यांत दोन-तीन बोटं उभी राहिली पाहिजेत, तीही स्वार बसल्यावर. मधली पन्हळ पुढून मागपर्यंत तीन-चार बोटं रुंद हवी, म्हणजे मणक्याच्या टोकांवर काही टेकणार नाही. शेवटची फासळी खालून बोटाने चाचपत वर न्या; खोगिराची गादी तिच्या मागे जाता कामा नये. मग चाळीस मिनिटं घोडा चालवून खोगीर उतरवा आणि घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मधेच तळहाताएवढा कोरडा तुकडा दिसला तर तिथे दाब इतका आहे की घामही सुटलेला नाही. त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात, आणि ते परत काळे होत नाहीत.

खोगीरभरती हा शब्द मराठीत उगाच बदनाम झाला. खऱ्या खोगिराची भरती हा कारागिराचा मामला आहे. गादीतली लोकर दबते, तिचे गोळे होतात, एक बाजू बसते. सहा ते बारा महिन्यांतून एकदा ती उघडून पिंजून सारखी करावी लागते. हा खर्च टाळून वर दुसरा नमदा, त्यावर घडीचं कांबळं असं चढवत गेलं की घट्ट बुटात जाड मोजा घातल्यासारखं होतं. दाब कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. एक खोगीर चार घोड्यांना फिरवण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. ते परवडत नाही असं वाटत असेल तर निदान सारख्या पाठीच्या घोड्यांच्या जोड्या लावा आणि खोगिरावर घोड्याचं नाव लिहा.

वजनाचा नियम समितीने फळ्यावर लिहावा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत. घोडा 400 किलोचा असेल तर 80 किलो, त्यातून खोगिराचे आठ-दहा वजा करा. स्वार उरतो साधारण 70 किलोचा. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आठ घोड्यांवर 15, 20, 25 आणि 30 टक्के असा भार टाकून पाहिला होता. 25 आणि 30 टक्क्यांना पाठीचा दुखरेपणा स्पष्ट वाढलेला आढळला. लग्नसराईत आपले घोडे वरातीला भाड्याने देणाऱ्या क्लबांनी नवरदेवाचं वजन, जरीचा साज आणि पुढे बसवलेलं पोर यांची बेरीज एकदा करावी. शेरवानीतला नवरदेव उतरवता येत नाही हे खरं, पण मोठा घोडा नेता येतो.

नाल पाच-सहा आठवड्यांनी. खुराचा पुढचा भाग लांब वाढला आणि टाच बसली की कंडरेवर ताण येतो, पाऊल आखूड पडतं आणि दुखणं पाठीत दिसू लागतं. दात वर्षातून एकदा पशुवैद्याकडून, तोंड उघडून. दाढेचं टोक गालाला लागत असेल तर घोडा मान तिरपी धरतो आणि मानेचा एक भाग कायम आखडलेला राहतो. एवढं झाल्यावर मालिशीकडे यायचं.

मालिशीने काय होतं, हेही मापात सांगायला हवं. रक्ताभिसरण तात्पुरतं वाढतं, आखडलेला स्नायू सैल होतो, घोडा शांत होतो. आयाळीच्या मुळाशी, त्या उंचवट्याजवळ खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे मोजून दाखवलेलं आहे. घोडे एकमेकांना नेमकं तिथेच दातांनी खाजवतात. मात्र ‘मालिशीने लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ हा दावा सोडून द्या. ते कामानंतर तासाभरात आपोआप कमी होतं, आणि त्यासाठी दहा मिनिटं सावकाश चालवणं पुरतं. मालिशीने लंगडा घोडा बरा होत नाही, कंडरा सांधत नाही, सांध्याची झीज भरत नाही. घोड्यांच्या मालिशीवरचे बरेच अभ्यास लहान आहेत. त्यांच्या जोरावर चमत्कार विकणारा माणूस दारात आला तर त्याला चहा द्या, आगाऊ रक्कम देऊ नका.

मालिशीचा सगळ्यांत मोठा फायदा आमच्या मते वेगळाच आहे. ज्या हाताला घोड्याचं रोजचं अंग माहीत आहे, त्याला आजचा फरक आजच कळतो. डाव्या नळीला उजवीपेक्षा किंचित जास्त ऊब, तंगाच्या मागे हरभऱ्याएवढी गाठ, कमरेला हात लागताच पाठ खाली घालणं. कंडरेची दुखापत पहिल्या दिवशी ऊब म्हणून सापडली तर काम थांबवता येतं. आठवड्याने लंगडणं म्हणून सापडली तर नऊ ते बारा महिने जातात. तेवढ्या काळात 450 किलोचा घोडा रोज वजनाच्या साधारण 2 टक्के, म्हणजे 9 किलो सुका चारा खातच असतो. नऊ महिन्यांचा होतो सुमारे 2,400 किलो. त्यात नाल, साइसाचा पगार आणि बुडालेले तास धरलेले नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. हे साइसापर्यंत पोचावं म्हणून विस्ताराने लिहितो. समितीला कंटाळा आला तर हा भाग वाचून दाखवायला सांगावा.

जागा सावलीची, सपाट, घसरडी नसलेली. ओल्या सिमेंटवर नाही. घोडा मोहरकीला धरून दुसरा माणूस उभा, किंवा ओढताच सुटेल अशा गाठीने बांधलेला. नखं कापलेली, अंगठी-घड्याळ-कडं काढलेलं. आधी खरारा झाला पाहिजे, नाहीतर आपण धूळच कातडीत चोळतो. कामावरून नुकत्याच आलेल्या घोड्याला लगेच हात घालायचा नाही. त्याला चालवून, धुऊन, घाम निथळून, श्वास खाली आला की मग.

पहिली दोन-दोन मिनिटं दोन्ही अंगांना फक्त सपाट तळवा, केसांच्या दिशेने, कानामागून मानेवरून खांद्यावर, पाठीवरून पुठ्ठ्यावर. जोर नाही. ही तपासणी आहे. डावी-उजवी बाजू ताडून बघायची: ऊब, सूज, थरथर. मग मान. आयाळीच्या तीन बोटं खालपासून तळव्याच्या टाचेने कणीक तिंबल्यासारखं मळत खांद्यापर्यंत यायचं. मानेचे मणके आयाळीजवळ नसतात, ते बरेच खालून जातात. त्यामुळे मानेच्या खालच्या तिसऱ्या भागात आणि गळ्याच्या शिरेच्या पन्हळीत दाबायचं नाही. खांद्याच्या पुढच्या कडेला आणि तंगाच्या मागे मूठ बंद करून, दाबून, तीन-चार सेकंद थांबून सोडायचं.

पाठीला मणक्यापासून चार बोटं दूर. एका तळव्यावर दुसरा ठेवून अंगाच्या भाराने दाबा, पाच सेकंद थांबा, सावकाश सोडा, एक तळवा मागे सरका. मणक्याच्या हाडांवर कधीच नाही. शेवटच्या फासळीमागे खाली फासळ्यांचा आधार नसतो, तिथे जोर निम्मा आणि थापट्या अजिबात नाहीत. उंच घोड्याला उभं राहायला भक्कम लाकडी पाट घ्या. उलटी बादली घेऊ नका. घोडा सरकला की पाय तिच्यात, आणि माणूस घोड्याखाली. पुठ्ठ्याला आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना सगळ्यांत जास्त वेळ द्यावा, बाजूला अगदी चिकटून उभं राहून. हातभर अंतरावरून केलं तर लाथेचा पूर्ण झोत बसतो, चिकटून असलं तर नुसता धक्का. शेवटी परत सपाट तळवा. सगळं मिळून वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा.

जोर किती, हा प्रश्न प्रत्येक नवा साईस विचारतो. वाण्याकडचा तबकडीचा वजनकाटा आणा आणि त्यावर तळव्याने 1 किलो, 3 किलो, 5 किलो दाबून हाताला ओळख करून द्या. सुरुवात एकने, तिंबताना तीन, पुठ्ठ्यावर पाच. हे औषधाचे डोस नव्हेत, पुढचं घोडा सांगतो. खालचा ओठ लोंबला, डोळे अर्धे मिटले, मान खाली आली, जांभई दिली, चाटू-चघळू लागला की ठीक चाललंय. कान मागे, शेपूट आवळलेली, कातडी थरथरते, घोडा अंग चोरतो, म्हणजे जोर कमी करा. तीन दिवस त्याच जागी तसंच झालं तर मालिश थांबवून पशुवैद्याला दाखवा. घोडा स्थिर उभा आहे म्हणून त्याला बरं वाटतंय असं नाही. मुकाट सोसणारे घोडे शाळांत फार.

काय बिघडतं? साईस अंगठ्याने दाबतो, दोन आठवड्यांत अंगठा दुखतो आणि काम सुटतं. घाईने चोळतो, केस मोडतात, कातडी हुळहुळते. एका दमात सहा घोडे करतो, सहाव्याला नुसता हात लावल्यासारखं होतं. तीनपेक्षा जास्त एका वेळी देऊ नयेत. आणि सगळ्यांचा ब्रश एकच असतो, त्यामुळे एकाची दाद (गजकर्ण) महिन्याभरात पूर्ण पागेला होते. प्रत्येक घोड्याचा खरारा आणि फडकं वेगळं, हा खर्च मालिशीच्या खात्यात पहिला लिहा.

तेलाबद्दल. मालिशीला तेल लागत नाही. मोहरीचं तेल चोपडून घोडा मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या उन्हात काढला की त्यावर माळव्याची धूळ बसते, नमद्याखाली तिचा काचकागद होतो आणि पाठ सोलून निघते. टर्पेंटाइन घातलेली रगडायची औषधं कातडीला फोड आणतात. माणसाच्या दुखऱ्या कमरेचा बाम तर घोड्याच्या जवळही नको. मिरचीतलं कॅप्सेसिन अनेक मलमांत असतं आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ते निषिद्ध आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, अश्वक्रीडा हाँगकाँगला झाल्या तेव्हा, उड्यांच्या स्पर्धेतल्या चार घोड्यांत ते सापडलं आणि नॉर्वेचं सांघिक कांस्य त्यापायी गेलं.

हात कधी लावायचाच नाही, हे साइसाला पाठ हवं. ताप असेल तर नाही. घोड्याचं नेहमीचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस, विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44. पागेत एक थर्मामीटर दोरी बांधून ठेवा. पोटाखाली किंवा पायांना सूज आणि येऊन-जाऊन ताप असेल तर तो सर्रा (चावणाऱ्या माश्यांनी पसरणारा आजार) असू शकतो, तिथे मालिश म्हणजे वेळ घालवणं. नाकातून घट्ट स्राव, अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर घोडा वेगळा बांधा, हातमोज्याशिवाय कोणी जाऊ नका आणि पशुवैद्याला बोलवा. तो ग्लँडर्स असू शकतो; तो माणसालाही होतो आणि तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे. ताजी इजा, उघडी जखम, दाद, गरम नळी: मालिश नाही. गरम नळीवर पंधरा-वीस मिनिटं गार पाण्याची धार, घोडा उभाच, आणि पशुवैद्याला फोन.

एका दुखण्यावर मात्र थांबून सांगायला हवं. घोडा का अडला, भाकरी का करपली, विड्याचं पान का सडलं? न फिरवल्यामुळे. हे कोडं आपण लहानपणापासून सांगतो, आणि बहुतेक दिवशी ते खरंही आहे. पण सुट्टीच्या दिवशी घोडा पूर्ण दाण्यावर उभा राहिला, दुसऱ्या दिवशी कामावर निघाला आणि दहा-वीस मिनिटांत आखडला, पुठ्ठे लाकडासारखे कडक झाले, घाम फुटला, लघवी कॉफीच्या रंगाची आली, तर तिथे कोडं उलटं होतं. त्याच्या स्नायूंचे तंतू फुटत असतात. फिरवू नका. मालिश करू नका. दाबल्याने नुकसान वाढतं. आहे तिथेच उभा ठेवा, खोगीर काढा, पाणी समोर ठेवा, दाणा बंद आणि पशुवैद्य ताबडतोब, कारण फुटलेल्या स्नायूतलं द्रव्य मूत्रपिंडात जाऊन बसतं. हा आजार टाळायचा उपाय फुकट आहे: सुट्टीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणा आणि घोडा अर्धा तास हाताने चालवा. रविवारी गर्दी आणि सोमवारी सुट्टी असलेल्या क्लबांनी मंगळवारची सकाळ जपावी.

मालिशीहून जास्त फळ देणारी आणि स्वस्त गोष्ट म्हणजे गाजराचे ताण. घोडा भिंतीला लागून उभा, कामानंतर अंग गरम असताना. गाजर लांबीने धरून, बोटं मागे ठेवून, त्याची हनुवटी छातीशी आणा, मग दोन गुडघ्यांच्या मधे, मग घोट्यांपर्यंत खाली. बाजूला तंगापर्यंत, मग बरगडीच्या शेवटाकडे, मग मांडीकडे, दोन्ही अंगांना. प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद धरायचं आणि पाच वेळा. घोड्याने स्वतः वळायचं, आपण मान ओढायची नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ घोड्यांना आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने हे दिल्यावर मणक्यांना धरून ठेवणाऱ्या खोल स्नायूंचा आकार वाढलेला सोनोग्राफीत दिसला. घोडे आठच होते, हे लक्षात ठेवूनही, गाजरांच्या किमतीत एवढा पुरावा दुसऱ्या कशाला नाही.

त्याच्या जोडीला जमिनीवरचे वासे. चालीसाठी 80 ते 90 सेंटिमीटर अंतर, दुडकीसाठी (ट्रॉट) सव्वा मीटरच्या आसपास, घोड्याच्या उंचीप्रमाणे थोडं कमी-जास्त. सुरुवातीला तीन वासे, सपाट. आपल्याकडे बांबू टाकतात आणि बांबू पावलाखाली गडगडतो. दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या ठेवा. दहा मिनिटं पुरे. थकलेला घोडा वाशांना अडखळतो, तिथून पुढे फायदा उरत नाही.

यंत्रं. लेझर, अल्ट्रासाऊंड, विद्युत उद्दीपन, चुंबकीय झूल, ठोके देणारं हातातलं यंत्र. ही निरुपयोगी आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येकाला निदान लागतं. अल्ट्रासाऊंडच्या लहरी केसांतल्या हवेतून पुढे जात नाहीत. केस कापून, जेल लावून, डोकं सतत फिरवत ठेवलं तरच त्याचा उपयोग होतो. ताकदवान लेझर काळ्या कातडीत जास्त शोषला जातो आणि भाजतो, शिवाय घोड्याच्या आणि माणसाच्या दोघांच्या डोळ्यांना संरक्षण लागतं. धक्कालहरींचा (शॉकवेव्ह) उपचार पशुवैद्यानेच करायचा. तो काही दिवस दुखणं बधिर करतो, म्हणून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत स्पर्धेआधीच्या पाच दिवसांत त्याला मनाई आहे. ठोके देणारं यंत्र हाडावर फिरवलं की घोडा साइसावरचा विश्वास गमावतो, तो परत मिळवायला महिने जातात. यंत्र हवंच असेल तर भाड्याने, निदान लिहून घेऊन, ठरावीक दिवसांसाठी.

आता हिशेब. दर प्रत्येकाचे वेगळे, म्हणून खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी; आपले दर घालून बघा. आठ घोडे. फिजिओ दर घोड्याला 2,000 रुपये आणि दर भेटीच्या प्रवासाचे 3,000 घेतो असं धरा. वर्षात चार भेटी, दर वेळी आठही घोडे: चार वेळा 19,000, म्हणजे 76,000 रुपये. बदल्यात एकूण 32 मालिशी, एका घोड्याला तीन महिन्यांतून एक. दुसरा मार्ग बघा. फिजिओच्या चारच भेटी, पण दर वेळी दुखणारे तीनच घोडे, म्हणजे 9,000 एका भेटीला, वर्षाचे 36,000. उरलेलं काम साइसांचं. आठ घोडे, आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं: 480 मिनिटं, म्हणजे बरोबर आठ तास. वर्षाचे 416. तासाला 100 रुपये जादा दिले तर 41,600. दोन्ही मिळून 77,600. जवळपास त्याच पैशांत फिजिओच्या 12 नीट तपासण्या आणि साइसाच्या हातच्या 1,248 मालिशी, झालंच तर 1,248 वेळा चाचपणी.

हे आठ तास ‘आहे त्या पगारात करा’ म्हणून मिळत नाहीत, हे समितीने मनाशी पक्कं करावं. तीन घोडे सांभाळणाऱ्या साइसाला आठवड्याला तीन तास जादा पडतात. पैसे न देता ते मागितले तर हजेरीत मालिश लिहिली जाईल आणि घोड्याच्या अंगावर होणार नाही. साइसाच्या हाताला मोल न देता यंत्राला लाख मोजणं हा आम्हाला सगळ्यांत मोठा अपव्यय वाटतो, आणि तो इंदुरातच होतो असंही नाही.

फिजिओ निवडताना त्याला काय विचारायचं? तो घोडा आधी चालताना आणि दुडकीत, सरळ रेषेत आणि दोन्ही बाजूंना गोल फिरवून बघतो का. खोगीर मागतो का. पहिल्या भेटीला तास-सव्वा तास देतो का. काय केलं ते लिहून देतो का. आणि कोणत्या गोष्टीला ‘हे माझं काम नाही, पशुवैद्याला दाखवा’ म्हणतो. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्याला घेऊ नका. निदान आणि औषधोपचार नोंदणीकृत पशुवैद्याचेच, हे 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात आहे. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय अर्ध्या-पाऊण तासावर असताना लंगडा घोडा आधी फिजिओकडे नेण्याचं कारणही नाही. दुखणं दाबणारं इंजेक्शन देऊन संध्याकाळच्या तुकडीला घोडा उभा करण्याचा प्रकार तर कोणत्याच खात्यात लिहिण्यासारखा नाही.

प्रशिक्षकांना एक काम द्या. स्वाराखालच्या घोड्याच्या वेदनेच्या 24 वर्तनखुणांची एक यादी इंग्लंडच्या पशुवैद्य सू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये मांडली: कान सतत मागे, तोंड वारंवार उघडणं, शेपूट झटकणं, अडखळणं, चाल बदलायला नकार, अशा. त्यांतल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर घोडा बहुधा दुखण्याने तसा वागतोय. आपल्याकडे अशा घोड्याला ‘अडेल’ म्हणतात आणि चाबूक देतात. महिन्यातून एकदा प्रत्येक घोड्याची ही यादी भरा आणि मालिशीच्या वहीला जोडा. वहीत रकाने पाचच: तारीख, घोडा, कोणी हात लावला, कुठे काय सापडलं, पुढे काय केलं. साइसाला लिहिता येत नसेल तर घोड्याचं चित्र छापून घ्या आणि त्याला फुली मारू द्या. दुखरी जागा दाखवायला अक्षरं लागत नाहीत. तीन महिन्यांनी फिजिओ आला की आधी ती चित्रं त्याच्यासमोर ठेवा. कोणते तीन घोडे दाखवायचे, हे त्यावरून ठरेल.

लालबागेजवळच्या पागनीस पागेच्या नावातच आता पागा उरली आहे. आपल्या पागा अजून चालू आहेत. येत्या एप्रिलच्या अंदाजपत्रकात ‘मालिश व फिजिओथेरपी’ ही ओळ ‘इतर’मधून काढून साइसांच्या पगाराच्या खाली लिहावी, खोगीरभरतीला वेगळी ओळ द्यावी आणि यंत्रखरेदी एक वर्ष थांबवावी, एवढी आमची मागणी आहे. आणि फिजिओ येईल त्या सकाळी साइसाला चहा आणायला पाठवू नका. त्याला घोड्याजवळ उभा ठेवा. फिजिओचा हात जिथे जाईल तिथे दुसरा हात त्याचा असू द्या.

आपले,
घोड्यांचं रोजचं काम करणारे काही जण
इंदूर